पुसू नये

कपाटाच्या वरच्या फळीवर, इस्त्रीच्या खोक्यात होती.
काळी, आकारापेक्षा हाताला जड.
वर पुरळकरांच्या अक्षरात चिकटपट्टी :
‘लग्न, मुंज, इतर. पुसू नये.’

वालावलकर सेक्रेटरी म्हणाले होते,
गेटच्या कॅमेऱ्याला जुनी डिस्क चालते,
नवीन कशाला घ्यायची,
तुमच्याकडे एक पडून आहे ना?
आहे पडून, म्हणाले मी.

लॅमिंग्टन रोडवर केबलचे तीनशे सांगितले,
एकशे ऐंशीला दिली.
लावली. आधी काहीच नाही.
मग आत खडा अडकल्यासारखं
दोनदा टक्, टक्,
आणि ती फिरू लागली.

कन्नमवार नगरात तळमजल्यावर आमचं दुकान होतं.
मी टाइप करायचे. पुरळकर प्रूफ मोठ्याने वाचायचे,
वेलांट्यांसकट :
‘आशीर्वाद. शी दुसरी. रफार व वर.’
समोर गिऱ्हाईक असो नसो.
इमारत रिडेव्हलपमेंटला गेली.
पुरळकर त्याच्या आधीच गेले.

फायली उघडल्या तर फॉन्ट नाही.
फॉन्टचं ते हिरवं कुलूप, पीसीच्या मागे खोचायचं,
दुकान आवरताना कुणाच्या खोक्यात गेलं कोण जाणे.
त्यामुळे वधू नाही, वर नाही,
मामा नाहीत, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं नाही.
नुसती डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं,
पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह.
सगळं मीच टाइप केलेलं.

बराच वेळ बघत बसले.
एक खूण प्रत्येक फायलीत पहिल्या ओळीत होती,
मधोमध, दोन दंडांच्या मध्ये.
म्हणजे श्री.
तेवढं एक लागलं.
पुढे जायला जेवणवेळ झाली होती.

नावं मात्र वाचता येत होती, फायलींची :
खारपुडे फायनल. खारपुडे फायनल दोन.
खारपुडे खरंच फायनल.
आणि खाली एक, मेस्त्री थांबवणे.

ती मुलगी एकटीच आली होती, दुपारी, छत्री न मिटता.
म्हणाली, पत्रिका नका छापू.
ॲडव्हान्स राहू दे म्हणाली.
पुरळकरांनी गल्ल्यातून पाचशे मोजून तिच्या हातात दिले
आणि ती गेल्यावर मला म्हणाले,
फाइल ठेव. नाव बदलायला लागेल, बाकी मजकूर तोच.
ठेवली होती मी.

निहार वरच्या मजल्यावरून आला, हातात अर्धं सँडविच.
काकी, ती क्विकची खूण काढ,
नाहीतर नुसती यादी जाते, माल आतच राहतो.
किती दिवस राहतो?
त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.
आणि खूण काढली तर?
तर दोन-तीन तास लागतील. पण साफ.
मला सांडगे तळायचे होते, असं मी त्याला सांगितलं.
खूण राहू दिली.

विचारलं त्याने, म्हणजे पडद्याने,
सगळं जाईल, चालेल ना?
आमच्या वेळी अशा प्रश्नाला
पुरळकर पेन कानामागे ठेवून
गिऱ्हाइकाकडे नुसते बघत राहायचे.
मी हो दाबलं.
अकरा सेकंद.
नवीन नाव द्या म्हणाला, ते रिकामंच ठेवलं.

वालावलकरांनी चिकटपट्टी नखाने खरवडून पाहिली.
निघत नाही हो ही, म्हणाले,
आणि अक्षरं खाली करून डिस्क बसवली.

आता त्यांच्या टीव्हीवर गेट दिसतं.
पहिला आला पाण्याचे जार देणारा.
मग वॉचमन खुर्ची सावलीत सरकवताना.
मग बराच वेळ नुसतं गेट.
मग मी, पिशवी घेऊन,
कॅमेरा नक्की कुठे लावलाय ते शोधत,
भलत्याच खांबाकडे बघणारी.