पाणी घेत नाही

पाचव्या दिवशी, रात्री पावणेतीनला नळ आला.
टाकी भरली, पिंप भरलं, घागरी, डबे,
चहाची किटलीसुद्धा.
सकाळी बटण दाबलं तर मशीन
काचेवर चार आणि ई दाखवत
टी-टी-टी करत बसली.
घरभर पाणी, आणि ही कोरडी.

मुश्ताकला फोन लावला.
तो होटगी रोडला कुणाचा तरी फ्रीज खोलून बसलेला.
वैनी, आधी मागचा नळ उघडा हाय का बघा.
उघडा आहे.
पाइप कुठं मुरगळलाय? भिंतीत चेंगरलाय?
नाही.
मग जाळी काढा. पक्कडीनं. हळू.
तुटली तर शंभर रुपये, आणि मी गुरुवारशिवाय येत नाय.

पाइप सोडला, परकर भिजला.
जाळी निघाली, करंगळीच्या पेराएवढी टोपी.
मी कारखान्यात टॉवेलच्या किनारी शिवते,
बारीक कामाला हात घाबरत नाही.
आत पांढरा खार, हिरवट बुळबुळ, गंजाचे तीन कण
आणि चादरीचा एक तांबडा दोरा.
हा टाकीत कसा गेला, मार्कंडेयालाच माहीत.

लिंबू पिळून भिजत घातली,
श्रीहरीच्या जुन्या ब्रशनं घासली,
उजेडाला धरली.
सगळी भोकं उघडली होती. भोकांतून
समोर दुडमांच्या गच्चीवरचं वाळवण दिसलं.
बसवली. बटण दाबलं.
चार. ई.

तेव्हा मामा उठले.
सेहेचाळीस वर्षं मागांमध्ये जॉबर होते,
त्यांचे कान तिथंच राहिले, पगाराबरोबर घरी आले नाहीत.
त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.
मशीनच्या पाठीला तळवा लावला, डोळे मिटले,
मला म्हणाले, चालू कर.

"थरथरतंय आत,"
फार मोठ्यांदा, बहिरी माणसं बोलतात तसं.
"कॉइल ओढतीय. हिनं दार उघडलंय की!
नीळ्ळु राले.
पाणीच येत नाही दारापर्यंत. टाकी कुठंय?"

टाकी गच्चीवर, दोन थर विटांवर.
मशीन गच्चीलाच लागून, जिन्याच्या खोलीत.
हातानं मापलं, टाकीचा तळ नळापेक्षा दीड वीत वर.
एवढ्याशा उतारावर पाणी जोर कुठून आणणार?

मामा खाली गेले.
घरामागे पत्र्याआड त्यांच्या मागाच्या दोन बाजू उभ्या होत्या.
बाकीचा माग किलोवर गेला,
तराजूपाशी मामा उभेही राहिले नव्हते.
ह्या दोन तेवढ्या, राहू दे, लागतील, म्हणून ठेवलेल्या.
आत्या सात वर्षं विड्या वळता वळता विचारत होत्या,
कशाला लागतील?

रविवारी यल्लप्पा वेल्डर आला.
टाकी रिकामी करावी लागली नाही,
नळ येऊन चार दिवस झाले होते.
दोन्ही बाजूंना आडवे अँगल जोडले,
वर फरशी, फरशीवर टाकी,
माणसाच्या डोक्याच्या वर.
खालून बघितलं तर बिडाच्या अंगावर
कंपनीचं नाव अजून वाचता येतं, उलटं.

त्या रात्री नळ आला. सकाळी बटण दाबलं.
मामांचा तळवा आधीच मशीनवर.
मला आवाज यायच्या आत ते म्हणाले,
आलं.

अजूनही चौथ्या-पाचव्या दिवशी,
टाकी तळाला गेली की चार आणि ई येतात.
मग मी झाकण उघडून बादलीनं ओतते,
आणि मामा येऊन पाठीला हात लावून उभे राहतात.
आत्या सुपावरून मान वर न करता म्हणतात,
ताप उतरला का तिचा?
त्यांना ऐकू जात नाही.
ते हात काढत नाहीत.