सुपूर्द

एकशे एकोणनव्वद पानं.
पान एकवर फिर्याद, पान चारवर पंचनामा,
पान सत्तेचाळीसवर लोटन,
डॉक्टरांनी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहिलेला.
मी चोपड्याच्या कोर्टातला कनिष्ठ लिपिक.
दाभणाने तीन भोकं पाडतो,
दोऱ्याला मेण लावतो, गाठ मागच्या बाजूला मारतो.

विहिरीवरची मोटर चोरली, तर खटला इथे.
पत्त्यांचा डाव, हातभट्टी,
दोन शिव्या आणि एक थोबाडीत, तेही इथेच.
तीन वर्षांच्या आत बसणारं काहीही
आमच्या साहेबांच्या टेबलावर मावतं.

हे मावत नव्हतं.
रात्री दीडची पाण्याची पाळी,
पाटाची फळी आधी कुणी उचलली यावरून
केळीचा विळा चालला.
झिपरू उजाडताच स्वतःहून ठाण्यात गेला
आणि बाकावर बसून राहिला,
पायांना चिखल तसाच.

"नकला मिळाल्या?" साहेबांनी विचारलं.
झिपरूने मान हलवली, अंगठा उमटवला.
वाचता येतं का, असा रकाना नाही.

मग मागच्या भिंतीपासून केशरबाई उठली,
लोटनची बहीण.
"साहेब, मना भाऊ आठे मरी गया,
मंग निवाडा तठे काब्र?"

साहेब तरुण, वर्ध्याकडचे, पहिलीच नेमणूक.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पंख्याकडे.
काय सांगू, बाई,
ह्या खुर्चीला खुनाची उंची नाही.
अमळनेरची सत्र न्यायालयाची खुर्ची उंच,
तिथले साहेब फाशीसुद्धा लिहू शकतात,
पण उच्च न्यायालयाने हो म्हटल्याशिवाय
त्या दोरालाही कुणी हात लावत नाही.
जितकं मोठं दुखणं, तितका लांबचा वैद्य.
एवढं मनात जुळवेपर्यंत
पुकारा झाला, पुढची केस:
विनापरवाना तमाशाचा भोंगा.

साडेदहाची एसटी. हवालदार आणि मी.
मांडीवर पानं, पायाशी विळा,
कापडात शिवलेला, वर लाखेचे पाच ठिपके.
कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट?"
तापीच्या पुलावर हवालदार झोपला होता.
मी खाली वाळू पाहिली, थोडं पाणी पाहिलं,
आणि बोरीकाठच्या त्या कोर्टात
पोच घेऊन परत आलो.
पोच माझ्याकडे आहे. निकाल नाही.
बावीस वर्षं मी सुरुवाती शिवतोय.

दोन उन्हाळ्यांनी केशरबाई आली.
लोटनची सायकल ठाण्याच्या आवारात पडलीय,
तिच्या पोराला शाळेला हवीय,
तेवढी तरी साहेबांनी सोडावी.
मी म्हणालो, बाई, तीही आता तिकडची.
"सायकलबी?"
"सायकलबी."

ती हसली नाही, रडलीही नाही.
जुन्या बोर्डाच्या पाठकोऱ्या कागदावर
मी तिला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं:
केस नंबर, अमळनेर, जिना चढून डावीकडे,
अर्जाला स्टॅम्प विसरू नये.
खाली सही करायला पेन टेकवलं
आणि उचललं.
सहीचा मला अधिकार नव्हता.

दुपारी चहाला ठाण्यावरून गेलो.
सायकल भिंतीला टेकून होती, चाकं बसलेली,
कॅरिअरला अजून सुतळी.
घंटी वाजवून पाहिली.
वाजते.