पोटातलं

आज चौदावा दिवस.
बर्फावर गारठलेल्या चाळीस माद्या.
चिमट्यानं आधी पाय खुडायचे, मग पंख,
मग सोंड सारायची काचेच्या नळीत,
तेलाच्या थेंबात.
तशातही अर्धा तास लाळ गाळत राहतात.

पाय एका कुपीत, धड दुसरीत, लाळ तिसरीत.
विषाणू धडात सापडला, म्हणजे रुजला.
पायांत सापडला, म्हणजे आतड्याची भिंत ओलांडली.
लाळेत सापडला, तरच तो
पुढच्या शेळीचा, पुढच्या माणसाचा.

"दाहाबो, कोण जिंकतंय?" मुसेम्बी विचारतो.
नैरोबीच्या गटारातल्या क्युलेक्स या खेपेला मागे आहेत.
तेच रक्त प्यायल्या सगळ्याजणी,
बहुतेकींच्या पोटात आहे,
ओठात काही नाही.
पण इजाराच्या एडिस!
अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून,
पाणी चढलं की उठतात आणि चावतात.
"आमच्याकडच्या," मी म्हणते.
अभिमानानं म्हटलं की काय, मुसेम्बी हसतो.

पुराच्या त्या वर्षी मी नऊ वर्षांची.
एका रात्रीत अकरा शेळ्या गाभडल्या.
आबोनं अंधारातच खड्डा खणला.
पहाटे उरलेला कळप घेऊन गारिसाच्या बाजाराकडे,
पुढच्या बोकडाचा दोर माझ्या हातात.
आई म्हणाली, कुणी विचारलं तर सांग, चारायला नेतोय.
चार दिवसांच्या वाटेत
कुणी विचारलंच नाही.
शुर्ये खाटकानं सगळा कळप घेतला,
मला दोन खजूर दिले.
दहाव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त सुटलं,
ते थांबलं नाही.

डासांचं बरं आहे.
जिच्या पोटातलं ओठावर येत नाही
तिच्यापुढे मी शून्य मांडते, ती सुटली.
आमच्यात
आबोच्या पोटात राहिलं, आईच्या राहिलं,
माझ्या,
आणि पसरलं ते तसंच.

रविवारी फोनवर आई विचारते,
दिवसभर करतेस तरी काय तिथे?
पाय मोजते, मी म्हणते.
तिला हसू फुटतं.
मग बराच वेळ दोघी नुसत्याच
फोन कानाला धरून.

सत्ताविसावी नळी.
तेलात एक बारीक बुडबुडा हलला.
पेशींच्या थरावर भोकं पडतात का,
ते चार दिवसांनी कळेल.