पाटी अजून लागलेली नाही

वडगावच्या मागं, नाल्याच्या काठानं
तीन मीटर रुंद एक वाट निघते
आणि अनगोळच्या शिवारापर्यंत जाते.
दोन्ही तोंडांना लोखंडी खांब,
खांबांवर चौकट,
चौकटीत काही नाही.
कुठल्या लिपीतलं नाव वर, कुठलं खाली,
कुठलं किती इंच,
हा कागद तीन वर्षं कचेरीत फिरतोय.
तोवर चौकटीला मुलं लोंबकळतात.
गेल्या साली तिथं बुलबुलानं संसार केला.

आधी इथं काय होतं ते सांगण्यासारखं नाही.
मेलेली डुकरं, मागावरच्या सुताचे गुंते,
रंगाचं पाणी, एके दिवशी जांभळं, एके दिवशी हिरवं.
लेकी मोठ्या रस्त्यानं शाळेला जायच्या,
जिथं उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉल्या दोन
आणि मागची ट्रॉली कुणाचंच ऐकत नाही.
धर्मोजींची पोर तिथंच गेली.
तिची सायकल पुष्कळ दिवस चौकीच्या भिंतीला टेकून होती,
पुढच्या बास्केटात पाणी साठलेलं.

त्यानंतर मोर्चा निघाला. एकच.
या गावात मोर्चे नेहमी दोन निघतात.

आता सकाळी सहाला
रात्रपाळीचे मागवाले सायकलींवरनं परततात,
केसांत सुताचे तंतू, कानात अजून खटाखट,
म्हणून गुपितंसुद्धा मोठ्यानं सांगतात.
सगळ्या वाटेला ठाऊक आहे
कुणाचा पगार थकला, कुणाची बायको रुसली.
समोरनं फर्नांडिस मास्तर, कुत्रा नेईल तिकडं.
जैबूनबींची साखरेची गोळी डॉक्टरनं अर्धी केली,
तेव्हापासून त्या वळणावरच्या करंजाला
सलाम केल्याबिगर पुढं जात नाहीत.
हळगेकरांची भिंत सहा फूट मागं गेली.
कोर्टात गेले, हरले, अजून शिव्या देतात,
पण त्याच भिंतीला खिडकी पाडून
शिव्या देत देत ताक विकतात.

सगळं गोड आहे असं नाही.
दिवे चौदा, जळतात नऊ.
जुलैत नाला वर येतो
आणि दोन दिवस वाट त्याची असते.
मोटरसायकली घुसतात. अडवायला गेलं तर
पोरं विचारतात, रस्ता तुझ्या बापाचा?
एकदा जैबूनबी म्हणाल्या, हो.

नाव म्हणाल तर कुणी नाल्यावरची वाट म्हणतं,
कुणी हसिरु दारी,
मागवाले म्हणतात शॉर्टकट,
धर्मोजींच्या घरचे काहीच म्हणत नाहीत,
रोज संध्याकाळी दोघं चालून जातात.

माझं सांगायचं तर
वीस वर्षं पिको-फॉलच्या मशिनीवर बसले.
पाय दिवसभर चालायचे, मी जागेवरच.
त्रेचाळिसाव्या वर्षी शांतव्वानं
लेकाची जुनी सायकल दारात आणून लावली.
“बैस की गं वैजू, मशिनच हाय ही पण,
फकस्त हितनं तिकडं जातंय.”
मी पदर खोचला, आजूबाजूला बघितलं,
बसले.
तिनं मागनं सीट धरली. ती धावायला लागली,
तिच्या काकणांचा आवाज माझ्या पाठीशी,
करंज गेला, बाकडं गेलं,
हँडल माझं ऐकेना आणि मी ओरडले,
“बिडब्याड, शांतव्वा, बिडब्याड!”
माझ्या तोंडी कानडी कुठून आली
मला अजून कळलेलं नाही.
बाजारातली उसनी चार वाक्यं सोडली
तर जन्मात कधी बोलले नव्हते.
काकणं ऐकू येत नव्हती.
लांब मागनं तिचा आवाज आला, मराठीत,
“सोडून कवाच झालं की गं!”

मग मी पडले, तेही सांगते.
नेमकी ताकाच्या खिडकीसमोर.
हळगेकरांनी आधी वाटेला शिवी दिली,
मग ग्लास पुढं केला,
मग पैसे घेतले.