माप

मातोझिन्युशच्या कारखान्यात मी सार्डिन भरते.
डबा एवढाच असतो. चार मासे, मोठे असले तर तीन.
एकोणीस वर्षांत डब्यानं कधी म्हटलं नाही,
आज पाच घाल.

म्हणून आबिलिओचं गणित कळायला मला वेळ लागला.
माझा धाकटा भाऊ. आधी त्याला चिमूटभर पुरायचं.
त्या चिमटीत, तो म्हणायचा, अख्खा ऑगस्ट मावतो:
कोमट रेती, आई जिवंत,
कोणी कोणावर ओरडत नाहीये.
मग तेवढ्यात एक रविवार मावू लागला.
मग तासभर ऊन.
मग दुप्पट घेऊन नुसती हातांची थरथर थांबायची.

मजा मारतो लेकाचा, असं शेजारी म्हणायचे.
दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली,
मजा केव्हाच सरली, दोना दिओलिंडा.
तुम्ही सकाळी जिथं फुकट उठता
तिथवर पोचायलाच आता त्याला पैसे लागतात.

अंमल चढतो म्हणतात, अंमल बसतो म्हणतात.
शब्द एकच.
चढतो तो पाहुणा,
बसतो तो सारा वसूल करतो.
आमच्याकडून गेलं ते असं:
आईची साखळी, शिवणयंत्र, मोरीतला तांब्याचा नळ.
चमचे नेले नाहीत,
फक्त एकेकाची पाठ काळी होत गेली.
मी राखेनं घासायचे आणि काही विचारायचे नाही.

एकदा चार दिवस कोंडला त्याला मीच.
जांभया, जांभया, गळणारं नाक,
सोललेल्या कोंबडीसारखा अंगभर काटा,
पाय तर रात्रभर कुणाला तरी लाथाडत होते.
पाचव्या दिवशी लोणी लावून पाव खाल्ला.
मी मेणबत्ती लावून आले. वाटलं, सुटला.

अंगातून गेलं होतं. पण तलफ अंगात कुठं राहते?
ती जिन्याच्या तिसऱ्या वळणावर राहते,
एका ठरावीक शिट्टीत राहते,
लिंबाच्या वासात. त्यात ते कालवायचे लिंबू.
आणि मी रोज संध्याकाळी
मासळीचे आणि लिंबाचे हात घेऊन घरी येत होते.

पुढे अकरा महिने तुरुंग. गाल भरून परतला.
त्याच रात्री, कॅफेच्या संडासात,
हाताला जुनं माप तोंडपाठ होतं,
अंग ते विसरून गेलेलं.
ओठ निळे. झाडूवाल्या एर्मिनिओनं दार फोडलं.
सुई टोचल्यावर डोळे उघडले
आणि पहिलं वाक्य शिवीचं:
कुणी उठवलं मला.

आता पुलाखाली नऊ वाजता व्हॅन उभी राहते.
प्लास्टिकचा इवलासा पेला, नावापुढे सही.
ग्रासिएत वरच्या मजल्यावरून म्हणते,
एक सोडवून दुसरं लावलंत की.
असेलही.
पण पेला एवढाच असतो, ग्रासिएत.
काल होता तेवढा. उद्या तेवढाच.

दोनदा चुकला मधे. एकदा तीन आठवडे दिसलाच नाही.
मी लिहून ठेवलेलं नाही.

रविवारी सूपला आला.
नवे चमचे आणलेत मी, हलके, स्वस्तातले.
त्यानं आपला उचलला,
आधी उलटा करून पाठ बघितली,
अंगठ्यानं पुसली,
मग बुडवला.