कोळशाच्या रेघा

तीन आठवडे नुसतं पाणी पाहिल्यावर
एका सकाळी माडांचे शेंडे दिसले,
फक्त शेंडे, खाली जमीन नाही,
कुणी समुद्रात खराटे उलटे रोवून ठेवावेत तसे.

योर्न म्हणाला, ऊन डोक्यावर येऊ दे,
तिरप्या उजेडात प्रवाळ दिसत नाही.
मी डोलकाठीवर चढून बसलो.
निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे जपून,
तपकिरी म्हणजे संपलंच.
हाताच्या खुणांनी यॉट आत घेतली,
नांगराची साखळी खळखळत गेली,
आणि इंजिन बंद झाल्यावर
आपण किती आवाज करत होतो ते कळलं.

बाउरो होडी वल्हवत आला.
माडावर चढलेली पोरं माडी काढता काढता
मोठ्याने गात होती. पडलो तर खाली कळावं म्हणून,
बाउरो म्हणाला, आणि स्वतःच हसला.
किनाऱ्यावर खड्ड्यांतून लावलेलं
अळूच्या भावकीतलं काहीतरी,
पानं कडेने करपलेली.
मालवाहू बोट चार महिने आली नव्हती.
दुकानात आगपेट्या होत्या आणि एक कंगवा.

मी विचारलं, पाणी मिळेल का जरा?
शेजारच्या दारात विचारावं तसं विचारलं.
वीस लिटरचे पाच कॅन.
चर्चच्या पत्र्याखालची टाकी, तिची पितळी तोटी,
मेरेआ नावाची सातेक वर्षांची मुलगी
दोन्ही हातांनी नरसाळं धरून.
बाहेर सांडलेला एक थेंब
बोटाने टिपून तिने जिभेला लावला.
मला वाटलं, खेळतेय.

रात्री त्यांच्या सभाघरात, मानेआबात, बसवलं.
केवड्याच्या पातीची चटई, भाजलेला मासा,
म्हाताऱ्यांची लांबलचक भाषणं,
त्यात आमची नावं येत तेव्हा आम्ही मान हलवायचो.
प्यायला शहाळी दिली.
सगळ्यांनाच शहाळी.
तेही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लघवीला म्हणून चर्चमागे गेलो
तर टाकीच्या अंगावर कोळशाच्या रेघा,
एकीखाली एक, प्रत्येकीला तारीख.
शेवटच्या दोन रेघांमध्ये
आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त अंतर.
खालच्या रेघेवर कालची तारीख.
तिच्याखाली वीतभर टाकी उरलेली.

पाच महिने, बाउरो म्हणाला.
विहिरीत मागच्या उधाणाला समुद्र शिरला.
मग दिलंत कशाला?
तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
तुम्हाला पुढे अकरा दिवस जायचंय.
आम्ही तर घरीच आहोत.

आमच्याकडेही सांगतात, पाण्याला नाही म्हणू नये.
मागणाऱ्याने काय करू नये
ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तीन कॅन परत घेऊन गेलो.
बाउरोची आजी, नेई तेकारा,
त्यातल्या एकावर चक्क बसली
आणि दात नसलेलं हसली.
दिलेलं पाणी घरात परत आलं तर पाऊस रुसतो,
असं ती म्हणाली,
किंवा बाउरोने तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भर समुद्रात कोसळला.
योर्नने शीड झोळीसारखं बांधलं,
टाक्या भरल्या, किटली भरली, कुकर भरला,
मी बूटसुद्धा उघडे मांडले.
बाकी सगळा खाऱ्यात गेला, मैलोन्मैल.
बेट मागे, वाऱ्याच्या तोंडाला,
आणि ढग आमच्याच वाटेने
पुढे पुढे चाललेले.

पाचवा कॅन मी फोडला नाही.
बंदरात तपासणीला आलेल्या पोराने
तो बुटाने ढकलून विचारलं, यात काय?
पाणी.
ओतून टाका की, तो म्हणाला,
इथे नळाला चोवीस तास येतं.