अर्धा आटा

भांडं तांब्याचं, मुठीत मावेल न मावेल एवढं,
आतून आरशासारखं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये लाडलेसाहेबांनी कातलं,
एरवी तिथे यंत्रमागाचे सुटे भाग होतात.
देताना त्यांनी नखानं टिचकी मारली,
कान लावला.
"वाजतंय नीट. न्या."

मीही एवढंच करते.
माझी टिचकी ऐकू येत नाही इतकंच:
सूक्ष्मलहरी,
सेकंदाला तीनशे कोटी वेळा थरथरणाऱ्या.
रिकामी पोकळी तिच्या ठरलेल्या सुरात बोलते,
वायू भरला की सूर जड होतो, खाली बसतो.
किती खाली, ते लिहायचं.
पगार त्याचाच.

केगावच्या माळावर आज त्रेचाळीस अंश.
इथे दव कुणी पाहिलंय?
आणि मी पोलादी कवचाच्या आत,
मिथेन-प्रोपेनच्या अंधारात,
पहिला थेंब शोधत बसलेली,
डोळ्यांनी नाही.

लोकांना वाटतं, दाबलं की पाणी सुटतं.
या मिश्रणाचं उलटं आहे.
एकशेवीस बार असतात तोवर सगळं एकजीव, कोरडं,
कोण कुठला ओळखू येत नाही.
झडप सैल करत गेलं की मग.

नरसम्मा आत्यानं एकतीस वर्षं विड्या वळल्या,
रोज हजार.
नवरा गेला तेव्हाही मोजणी चुकली नाही.
कार्ड परत करून आली त्या दुपारी
रिकामं सूप मांडीवर घेऊन बसली,
आणि आम्हाला कळेना, टॉवेल द्यावा की पाणी.
पुस्तकात याला नाव आहे.
आमच्या घरात, तेलुगूतही, नव्हतं.

रात्री दोन वाजून दहा. लाईट गेली, यूपीएस किणकिणला.
मी झडप अर्धा आटा फिरवली.
सूर हळूहळू वर चढत होता, सरळ रेघेत,
आणि अडखळला.
धागा तुटल्यावर माग अडखळतो
तसा, एका ठोक्यापुरता.
पुन्हा दाब वाढवला: नाहीसा.
पुन्हा सोडला: तिथेच.
सत्त्याऐंशी पूर्णांक चार.
वहीत लिहिलं, खाली तारीख,
आणि शेंगाचटणीचं बोट पानावर उमटलं ते तसंच ठेवलं.

सकाळी लाडलेसाहेबांचा फोन.
"भांडं कसंय?"
"आत थेंब आला," मी म्हणाले. मला हसू आवरेना.
पलीकडे लेथ थांबला.
"पुसून ठेवा, बाई. हात लावू नका कुठं.
मी येतो दुपारी,
नवीन वॉशर घेऊन."